सरकीचं तेल कढईत बरं, बंपरला नाही

दादा, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, रोज २२ किलोमीटर स्वतः गाडी चालवून जाते-येते. गाडी २०१४ची. चार वर्षांपूर्वी अमरावतीहून सेकंडहँड घेतली. इंजिन टकाटक आहे, पण बंपर, चाकांवरच्या काळ्या कमानी, दारांवरच्या पट्ट्या सगळं राखुंडी फासल्यासारखं पांढुरकं झालं. आमचे हे दर रविवारी सरकीचं तेल चोपडतात. रविवारी गाडी काळीभोर, बुधवारपर्यंत गावचा सगळा फुफाटा तिच्यावर. पुतण्या म्हणते बूटपॉलिश लावा. गॅरेजवाला म्हणते सगळं नवीन टाका, नाहीतर काळा ऑइलपेंट मारून देतो. वायपरच्या दांड्यांचा रंग उडाला, गंज आला, काचेवर तांबडे ओघळ येतात. मृगाच्या आधी काय करता येईल? घरात कोणाचं खरं मानू? आणि हेडलाइट टूथपेस्टनं घासू का?

ताई,

घरात कोणाचं खरं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पुतण्याचं चूक. गॅरेजवाल्याचं एका भागापुरतं बरोबर, बाकी चूक. आणि तुम्ही मला दादा म्हटलंत म्हणजे तुमचे यजमान आमचे भाटवे (बहिणीचे नवरे) झाले, म्हणून नाही, पण त्यांचं निदान बरोबर आहे आणि औषध तेवढं चुकलं.

निदान बरोबर असं म्हणतो, कारण त्यांनी एक गोष्ट हेरली: ओलं केलं की काळं दिसतं. म्हणजे काळेपणा कुठे गेलेला नाही. उन्हाळ्यात वखरून पडलेलं वावर आठवा. वरून राखाडी, पांढुरकं. त्यावर तांब्याभर पाणी ओता, तेवढाच गोल काळाभोर होतो. माती बदलली का? नाही. वाळलेल्या मातीच्या कणांमध्ये हवा असते, प्रकाश तिथेच इकडेतिकडे विखुरतो आणि डोळ्याला पांढुरकं दिसतं. पाण्यानं फटी भरल्या की प्रकाश आत शिरतो, आणि रंग उघडा पडतो. तुमच्या बंपरचं अगदी हेच आहे.

गाडीचं नाव तुम्ही लिहिलंत, ते मी इथे देत नाही, कारण त्यानं फरक पडत नाही. रंग न दिलेलं, खरखरीत काळं प्लास्टिक बहुतेक सगळ्याच गाड्यांवर पॉलिप्रॉपिलीन जातीचं असतं. त्यात काजळी मिसळलेली असते, तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. ती रंगापुरती नसते, उन्हातले अतिनील किरण तीच अंगावर घेते. टायर काळा असतो त्यामागेही हे एक कारण आहे. काजळी उडत नाही. तिच्याभोवतीचं प्लास्टिक उन्हानं तुटत जातं, वरच्या थराला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात, पीठ सुटतं. बोट फिरवलं की बोटाला राखाडी लागते ना, ते हेच पीठ.

आता तेल काय करतं? त्या भेगा भरतं. म्हणजे पाणी जे दहा मिनिटांसाठी करतं, ते तेल तीन दिवसांसाठी करतं. भेग बुजत नाही, ऊनही अडत नाही. वर सरकीचं तेल हे अर्धवट सुकणारं तेल. कढईच्या काठावर जुनं तेल कसं चिकट, पिवळं होऊन बसतं, तसं ते बंपरच्या दाण्यादाण्यात बसतं, आणि मग तुमच्या रस्त्याचा फुफाटा त्यावर लेप देतो. चार वर्षांचे रविवार धरले तर तुमच्या बंपरवर दोनशे हात बसलेत. ते काढणं हेच या कामातलं निम्मं काम आहे.

पण थांबा. घासायला बसायच्या आधी एक बघायचं राहिलं. तुमच्याकडचा पांढरेपणा सगळा उन्हाचाच आहे कशावरून?

तुमचा तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलेला हा पट्टा, इथलं विहिरी-बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यानं भर उन्हात गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि क्षार बसून राहतात. काचेवर थेंबांचे पांढरे गोल दिसतात, तेच प्लास्टिकच्या खरखरीत अंगावर पसरले की सरसकट पांढरेपणा वाटतो. मी गॅरेज चालवत होतो तेव्हा अशा निदान चार-पाच गाड्या आल्या असतील, ज्यांचं प्लास्टिक चांगलं होतं आणि मालक नवा बंपर घ्यायला निघाला होता.

ओळखायची रीत साधी आहे. सावलीत, नळयोजनेच्या गोड्या पाण्यानं वीतभर जागा धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या. पांढरेपणा पुष्कळ कमी झाला तर तो विरघळणारा क्षार होता. तसाच राहिला तर साधा पांढरा व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी मिसळा, फडक्यानं लावा, दोन मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुऊन टाका. चुन्याचा थर असेल तर तो यानं सुटतो. तरीही वाळल्यावर तसंच राखाडी असेल आणि ओलं केल्यावर सगळीकडे सारखं काळं होत असेल, तर ते ऊन. पांढरं फक्त रंगीत पत्र्याला लागून असलेल्या कडेवर, रेघेसारखं असेल तर तिसराच प्रकार: कुणीतरी बॉडीला पॉलिश मारताना ते काळ्या पट्टीवर लागलं आणि दाण्यांत सुकलं. त्याला मुलांचा पांढरा खोडरबर घ्या आणि घासा. हसू नका, चांगलं निघतं. शाळेत खोडरबराला काय तोटा.

तुमच्या पत्रावरून माझा अंदाज, तुमच्याकडे ऊन आणि क्षार दोन्ही आहेत, आणि दोघांवर तेलाचं पांघरूण. म्हणून पहिलं काम तेल काढण्याचं.

कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, आणि कपडे धुवायचा मऊ ब्रश. कोपऱ्यात जुना दातांचा ब्रश. घासायचं, धुवायचं, परत घासायचं. एका धुण्यात होणार नाही, तिनाची तयारी ठेवा. शेवटी वाळलेल्या जागेवर मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या फडक्यावर घेऊन फिरवा. फडकं पिवळं-तपकिरी येतंय तोवर तेल आहे. नुसतं फिकट राखाडी यायला लागलं की झालं. हे काम मोकळ्या जागेत करा, आणि भाटव्यांना बिडी-सिगारेटची सवय असेल तर तेवढा वेळ त्यांना वावरात पाठवा. पेट्रोल, डिझेल, थिनर यातलं काही वापरू नका. डिझेलनं चिकटा पटकन निघतो हे खरं, पण ते दाराच्या आणि काचेच्या रबरी पट्ट्यांत मुरलं की रबर फुगतं, सैल पडतं, आणि मग पावसाळ्यात पायाखाली पाणी. राखेनं किंवा तारेच्या घासणीनंही घासू नका. भांड्याला चालतं, इथे दाणे कायमचे घासले जातात आणि त्या जागी चकचकीत टक्कल पडतं.

शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याचं नको. पाऊण बादली गोडं पाणी त्यासाठी बाजूला ठेवा, आणि पाणी अंगावर वाळू न देता फडक्यानं टिपून घ्या. हा नियम यापुढे दर धुण्याला. पूर्ण गाडी गोड्या पाण्यानं धुवा असं मी उन्हाळ्यात तुमच्या तालुक्यातल्या बाईला सांगणार नाही. शेवटची खळखळ तेवढी.

आता लावायचं काय. बाजारात दोन जातींच्या बाटल्या मिळतात आणि दोन्हींवर चित्र सारखंच असतं, अर्धा बंपर पांढरा, अर्धा काळा. एक जात ड्रेसिंगची. टायरला चमक आणतात ते याच कुळातलं. सिलिकॉनचं तेलकट द्रव, लावलं की झगमगाट, दोन-चार आठवड्यांत उतरतं. सरकीपेक्षा बरं, पण कूळ तेच. दुसरी जात कोटिंगची. ही लावल्यावर सुकून कडक होते, प्लास्टिकला धरून बसते. तिच्या बाटलीवर सिरॅमिक किंवा ट्रिम कोटिंग असे शब्द असतात, सोबत हातमोजे आणि स्पंजाचा तुकडा असतो, आणि २४ तास पाणी लागू देऊ नका अशी सूचना असते. ही सूचना हीच तिची खरी खूण, कारण नुसत्या तेलकट ड्रेसिंगला सुकायचंच नसतं. तुम्हाला ही दुसरी हवी. अकोल्या-अमरावतीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळते, नाहीतर मोबाइलवरून मागवा. ५० मिलिलिटरची बाटली तुमच्या गाडीला पुरून उरेल. बाटलीवर दोन वर्षं लिहिलं असेल तर आपल्या उन्हात मी एकच धरतो.

लावताना घाई आणि हावरटपणा दोन्ही टाळा. आधी मागच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून दुसऱ्या दिवशी बघा. पसंत पडलं तर शेजारच्या रंगीत पत्र्याला मास्किंग टेप लावा आणि एका वेळी एकच तुकडा घ्या: एक कमान, मग एक पट्टी. स्पंजावर पाच-सहा थेंब, पातळ पसरवायचं, बाटलीवर दिलेल्या वेळानं कोरड्या फडक्यानं जास्तीचं टिपायचं. टिपायला विसरलात तर तिथे गडद ठिपके राहतात, आणि ते सुकल्यावर निघता निघत नाहीत. तासाभरानं दुसरा हात. मग रात्रभर छपराखाली.

वेळ पहाटेची. साडेपाचला सुरू करा, आठला आवरा. मे महिन्यात दहानंतर आपल्याकडे काळ्या प्लास्टिकवर तळहात ठेववत नाही, आणि तापलेल्या अंगावर कोटिंग पसरायच्या आधीच सुकतं, पट्टे पट्टे येतात. हाताची मागची बाजू दहा आकडे मोजेपर्यंत टेकवता आली तरच लावा. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, मृग ७-८ जूनला. हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत दोनेक रविवार शिल्लक असतील. नवतपा लागायच्या आतच उरकलेलं बरं.

बूटपॉलिशचं एका वाक्यात सांगतो: पहिल्याच सरीत ते पांढऱ्या दारावरून ओघळेल, आणि त्याआधी गाडीतून उतरताना तुमच्या साडीला लागेल.

ऑइलपेंटचं जरा जास्त सांगावं लागतं, कारण तो गॅरेजवाला पैसे घेऊन मारणार आहे. पॉलिप्रॉपिलीनला रंग धरत नाही. त्याच्यावर कशाचीच पकड बसत नाही. ज्या बाटलीतून आपण फेव्हिकॉल पिळतो, ती बाटली त्याच फेव्हिकॉलनं चिकटत नाही, तसाच हा प्रकार. रंग द्यायचाच तर आधी प्लास्टिकचं वेगळं प्रायमर लागतं, ॲडहिजन प्रमोटर म्हणतात त्याला, आणि मग बंपरचा म्हणून मिळणारा रंग. ते न करता सरळ ऑइलपेंट मारला तर वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात, आणि पापुद्रे सुटलेला बंपर पांढऱ्या बंपरपेक्षा वाईट दिसतो. वर मागे फिरायचा रस्ता बंद, कारण मग कोटिंगही लावता येत नाही. हीटगननं तापवून काळं करणारेही भेटतील. वरचा थर वितळून भेगा बुजतात, काळं दिसतं हे खरं. पण हात क्षणभर रेंगाळला की पट्टी वाकते, शेजारचा रंग भाजतो, आणि नुसतं तापवून ऊन अडत नाही. परत तेच.

कुणी जवसाचं तेल सुचवेल. आपल्या भागात जवस पूर्वी घरोघरी, सुतार दारं-चौकटींना तेच पाजायचे. हे तेल खरोखर सुकतं, म्हणून सरकीपेक्षा त्यात थोडं तथ्य आहे. पण सुकेपर्यंत ते चिकट राहतं आणि तेवढ्यात त्याच्यावर काय काय बसतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय त्याचा एक अवगुण फार थोड्यांना माहीत असतो: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती सुकता सुकता तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. माझ्याच गॅरेजमध्ये एका मे महिन्यात दुपारी जेवून आलो तर चिंध्यांच्या डब्यातून धूर. कुणी काडी टाकली म्हणून पोऱ्याला रागावलो. त्याचा काही दोष नव्हता, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. जवसाची चटणी करा, भाकरीसोबत खा.

गॅरेजवाल्याचं बरोबर कुठे, ते आता. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी काळी जाळीची पट्टी असते, काउल म्हणतात तिला, ती अंगठ्यानं हलकेच दाबून बघा. करकर वाजली, केसासारखी चीर दिसली, तर ती मात्र नवीन घ्या. ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला कोणतंच कोटिंग जोडत नाही, आणि तिच्यातून पाणी भलतीकडे उतरतं. बाकी काही बदलायची गरज मला दिसत नाही.

वायपरकडे वळू. याला मी प्लास्टिकपेक्षा जास्त महत्त्व देतो. पांढरा बंपर घेऊन तुम्ही वीस वर्षं शाळेत जाल, पण भर पावसात वायपरचा दांडा अडकला तर रस्त्यातच उभं राहावं लागेल.

दांडा लोखंडाचा, बुडाची मूठ कधी लोखंडाची तर कधी ओतीव धातूची, आणि वर काळा रंग. दगडाचा कच उडून रंगाला टवका पडतो, तिथे खारं पाणी बसतं, आणि गंज रंगाखालून सरकत जातो. तुमच्या काचेवरचे तांबडे ओघळ हे तेच. दांडा गाडीवर ठेवूनही रंगवता येतो, पण काच झाकून, कागद लावून जे होतं ते अर्धवटच. काढून करा. अवघड नाही, फक्त एका गोष्टीचं भान ठेवा.

ती गोष्ट म्हणजे स्प्रिंग. दांडा उचलून उभा केला आणि ब्लेड काढलं, की तो नुसता लोखंडी दांडा उरतो. हात निसटला तर तो काचेवर असा आदळतो की काच गेलीच. म्हणून ब्लेड काढायच्या आधी काचेवर जाड टॉवेल किंवा गोधडी घडी करून टाका. एवढं केल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

गोधडी टाकायच्या आणि ब्लेड काढायच्याही आधी वायपर एकदा चालवून बंद करा, म्हणजे दांडे आपल्या जागी येऊन थांबतील. चावी काढून घ्या. ब्लेड जिथे टेकतं तिथे काचेवर मास्किंग टेपची पट्टी लावून खूण करा, दोन्हीकडे. डावा-उजवा दांडा सारखा नसतो, म्हणून दांड्यावरही टेप लावून लिहा. बुडाशी एक टोपण असतं, ते नखानं किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरनं उचला, खाली नट. बहुधा १३ किंवा १४ मिलिमीटरची गोटी, म्हणजे सॉकेट पाना, लागते. नट काढला तरी दांडा निघणार नाही, कारण आतल्या दातेरी खुंटीवर तो घट्ट बसलेला असतो, आणि दहा वर्षांचा गंज. गंज सोडवायचा स्प्रे मारा, चहा पिऊन या. मग बुडाला धरून डावी-उजवीकडे हलकेच डोलवा. न सुटला तर दर्यापुरात कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे वायपरचा छोटा पुलर असतो, दोन मिनिटांचं काम आहे. हातोडी नको, खालून पहार-स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं तर मुळीच नको. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी तसं उचकटलं होतं. दांडा निघाला, सोबत काचेला खालून वर अशी चीर गेली. गाडी गिऱ्हाइकाची, काच माझ्या पैशानं.

दांडा हातात आला की सुटे पापुद्रे २२०-२४० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा. जिथे गंज आहे तिथे धातू उघडा दिसेपर्यंत घासा, जिथे रंग घट्ट आहे तिथे ४००नं नुसता खरखरीत करा. टवक्याची कड बोटाला लागता कामा नये, कारण नवा रंग ती कड लपवत नाही, उलट दाखवतो. खाचांत उरलेल्या गंजाला हार्डवेअरच्या दुकानातलं रस्ट कन्व्हर्टर ब्रशनं लावा. गंज काळा पडतो आणि जागीच थांबतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. नंतर अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा आणि पुढे नुसत्या बोटानं शिवू नका. इथे एक महत्त्वाचं: ज्या हातांनी सिलिकॉनचं पॉलिश हाताळलं, ते हात आणि ते फडकं दांड्याला लागू देऊ नका. सिलिकॉनचा अंश जरी राहिला तरी रंग त्या जागी सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. म्हणून आधी वायपर, मग प्लास्टिक, असाच क्रम ठेवा.

मूठ आणि दांडा जिथे वळतो तो सांधा, आतली स्प्रिंग, बुडाचं दातेरी भोक आणि ब्लेड अडकवायचा आकडा यांना टेपनं झाका. तिथे रंग गेला तर सांधा जाम होतो, ब्लेड बसत नाही. मग धातूच्या प्रायमरचा एक पातळ हात, आणि त्यावर मॅट काळ्या स्प्रेचे तीन. मूठ ओतीव ॲल्युमिनियमची असेल तर साधं प्रायमर तिला धरत नाही, एच (etch) प्रायमर मागा. डबा दोन मिनिटं चांगला हलवा, वीतभर अंतरावरून मारा, हात थांबवू नका. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. एकाच वेळी जाड मारला की ओघळ आलेच.

चकचकीत काळा दिसायला छान असतो, पण घेऊ नका. कंपन्या वायपर मॅट का ठेवतात? चकचकीत दांड्यावरून ऊन थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यात येतं. एका हौशी गिऱ्हाइकानं माझ्याकडून चांदीसारखे करून नेले होते. आठवड्यात परत आला.

रंग मारायची जागा कुठली? लिंबाच्या फांदीला टांगू असं वाटेल, पण वावटळीचे दिवस आहेत. पडवीत किंवा रिकाम्या खोलीत तारेनं टांगा, दारं-खिडक्या उघड्या, नाका-तोंडाला फडकं, आणि अर्धा तास आधी जमिनीवर पाण्याचा सडा टाका म्हणजे धूळ खाली बसते. पेंटिंगच्या बूथमध्येही जमीन ओली करतात, ते याचसाठी. एक अख्खा दिवस दांडे तसेच राहू द्या. हाताला कोरडे लागले तरी आतून मऊ असतात.

बसवायच्या आधी सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खुंटीचे दाते तारेच्या ब्रशनं साफ करा. टेपच्या खुणेवर दांडा टेकवा, नट घट्ट करा, काच ओली करून एकदा चालवून बघा. कोरड्या काचेवर चालवाल तर ब्लेडचं रबर सोलेल. ब्लेड कडेच्या खांबाला आपटत असेल तर एक दाता मागे घ्या. आठवड्यानं नट परत एकदा आवळा. आणि ब्लेड नवीन टाका, जुनं रबर उन्हानं कडक झालेलंच असेल. दर वर्षी मृगाच्या तोंडावर टाकायचं, हा माझा नेम. काही जण उन्हाळ्यात रबर काचेला चिकटू नये म्हणून दांडे उभे करून ठेवतात. गावात वांदरं येत असतील तर हे करू नका. उभा दांडा म्हणजे त्यांना धरायला आयता.

दांडे काढलेलेच आहेत तर काउलच्या जाळीखाली हात घाला. तुम्ही गाडी कुठे लावता ते लिहिलं नाही, पण शिक्षकाची गाडी शाळेच्या आवारात लिंबाखालीच असते. फाल्गुनातली पानगळ सगळी त्या जाळीतून आत जाते आणि पाणी जायच्या भोकांशी अडकते. पावसाचं पाणी तुंबून मग आत, पायपुसण्याखाली. मूठमूठ पानं काढा, तांब्याभर पाणी ओता, चाकाजवळून खाली पडताना दिसलं पाहिजे. पडलं नाही तर वाकवलेल्या तारेनं भोक मोकळं करा.

पुढे जपायचं कसं, तर सावलीनं. घरी टिनाचं शेड असेल तर उत्तम. टिन तापतं पण किरण अडवतं. नसेल तर नर्सरीवाले वापरतात ते हिरवं शेडनेट कृषी केंद्रातून घ्या, ७५ टक्क्यांचं, आणि चार बल्ल्यांवर ताणा. गाडीच्या अंगावर थेट टाकायचं कापडी कव्हर मात्र मला आवडत नाही. फुफाट्यावर कापड वाऱ्यानं हलत राहिलं की ते पॉलिश पेपरचंच काम करतं. शाळेत सावली एकाच बाजूला पडत असेल तर गाडीचं तोंड रोज बदलून लावा, म्हणजे एकच कुशी भाजत नाही. आणि फवारणीच्या दिवसांत औषधाचा डबा किंवा पंप डिकीत नेताना बंपरवर सांडलं तर लगेच धुवा. बऱ्याच औषधांत विद्रावक असतात, ते कोटिंगला डाग पाडतात. ते औषध अंगावर नको हे तर वेगळं सांगायला नको.

हेडलाइटचं शेवटी विचारलंत. ते प्लास्टिक वेगळं, पॉलिकार्बोनेट. कारखान्यातून त्यावर उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर येतो, तो गेला की पिवळेपणा. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, म्हणून घासल्यावर काच उजळते, पण त्याबरोबर उरलासुरला थरही जातो आणि दिवाळीपर्यंत दिवे पहिल्यापेक्षा पिवळे. करायचं तर पुरतं करा: १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यातून, त्यावर पॉलिश, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. तो शेवटचा कोट मिळणार नसेल तर सध्या दिवे आहेत तसेच राहू द्या. आधी वायपर. दांडे शनिवारी शाळा सुटल्यावर काढा, म्हणजे रविवारभर सुकतील. तेल काढायचं काम मात्र भाटव्यांनाच द्या, लावलंय त्यांनीच.